‘धावून काय मिळणार?’ : मुलांचा खेळ टिकवू पाहणाऱ्या पुण्यातल्या पालकांसाठी

मुलगी सातवी-आठवीत आहे. शाळेच्या क्रीडादिनाला पहिली आली, पीटीच्या सरांनी ‘हिला ग्राउंडवर पाठवा’ म्हणून सांगितलं आणि तुम्ही पाठवलंत. सुरुवातीला सगळ्यांनी कौतुक केलं. आता मेडल येत नाही आणि घरात, शाळेत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये प्रत्येकाकडे तिच्या धावण्याबद्दल मत आहे. या टप्प्यावर पुण्यात बरीच मुलं खेळ सोडतात. त्या टप्प्यातून जाणाऱ्या पालकांसाठी हे लिहितेय.

माझी मुलगी ८०० मीटर धावते. त्यामुळे उदाहरणं ॲथलेटिक्सची येतील. कुस्ती, कबड्डी, बॅडमिंटन, मल्लखांब असेल तर संघटनेचं नाव बदलेल. कागद, तारखा आणि टोमणे जवळपास तेच.

१. शंका कोणाची आहे ते आधी बघा

सगळ्यांना उत्तर द्यायला गेलात तर थकाल. ज्यांचं काहीच पणाला लागलेलं नाही, म्हणजे शेजारी, लांबचे नातेवाईक, ‘आमच्या ऑफिसातल्या एकाचा मुलगा पण खेळायचा’वाले, त्यांना ‘बघू या’ एवढं पुरतं.

आजी-आजोबांचं वेगळं असतं. ‘उन्हात रापेल’, ‘पडली-झडली तर’ यामागे भीती असते आणि भीतीला वाद घालून उत्तर मिळत नाही. त्यांना एकदा संध्याकाळी ग्राउंडवर न्या. तिथे तीस-चाळीस मुली शिस्तीत वॉर्मअप करताना दिसल्या की निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा राहू द्या, तो प्रेमाचा असतो.

वर्गशिक्षकांना भेटायला जाताना हातात कागद हवा : कोणत्या महिन्यात कोणती स्पर्धा, अंदाजे किती दिवस गैरहजेरी, बुडलेला अभ्यास कसा भरून काढणार. ‘ती खूप टॅलेंटेड आहे हो’ असं सांगून शिक्षकांची काळजी मिटत नाही. चाचणी परीक्षा आणि स्पर्धा एकाच दिवशी आली तर काय, हे आधीच विचारून ठेवा.

खरी ऐकण्यासारखी शंका प्रशिक्षकाची. सर म्हणाले, ‘हिचं अवघड आहे’, तर विचारा : कशावरून? टायमिंग सुधारलेलं नाही म्हणून, दुखापत वारंवार होतेय म्हणून, की इतरांपेक्षा मागे आहे म्हणून? पहिल्या दोन कारणांवर काम करता येतं. तिसरं कारण या वयात फारसं काही सांगत नाही; का, ते पुढे चौथ्या मुद्द्यात आहे.

२. ग्राउंड निवडताना नावापेक्षा अंतर बघा

ॲथलेटिक्ससाठी शहरात सारसबागेजवळचं बाबूराव सणस मैदान, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आणि पिंपरी-चिंचवडकरांसाठी भोसरीच्या इंद्रायणीनगरातलं संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुल इथे सिंथेटिक ट्रॅक आहे. जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब म्हटलं की १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी सुरू केलेलं महाराष्ट्रीय मंडळ आहेच. कुस्तीला पेठांमधल्या तालमी आहेत आणि कात्रजला काका पवारांचं संकुल आहे.

पण वाघोलीत राहून बालेवाडीला रोज जाणं जमणार आहे का? पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन दोन-अडीच तास गाडीवर गेले तर मूल आठवीत खेळ सोडतं आणि दोष चिकाटीला दिला जातो. घराजवळचं साधं मातीचं मैदान आणि तिथे रोज येणारे सर, हे लांबच्या सिंथेटिक ट्रॅकपेक्षा पहिली दोन-तीन वर्षं जास्त उपयोगी पडतं. ट्रॅकची सवय हवी तर आठवड्यातून एकदा जा. चढाची तयारी म्हणाल तर पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी फुकट आहेत.

३. सर निवडताना काय बघायचं

फी भरण्याआधी आठवडा-दोन आठवडे नुसतं बाजूला उभं राहून बघा. सगळ्यात मागे पडणाऱ्या मुलाशी सर काय बोलतात, हे बघितलं की बाकी बरंचसं कळतं. तिथे जर ‘तू बस बाजूला’ असेल तर तुमच्या मुलीची फॉर्म गेलेली असताना तिलाही तेच ऐकायला लागणार आहे.

काही गोष्टी दिसल्या तर पुढचं ग्राउंड शोधा : ‘दोन वर्षांत नॅशनल’ अशी हमी, बारा वर्षांच्या आणि अठरा वर्षांच्या मुलांना एकच वर्कआउट, मुलींच्या वजनावरून सगळ्यांसमोर बोलणं, पावडरीचा डबा किंवा गोळ्या ठरावीक दुकानातूनच आणायला सांगणं, पालकांना ग्राउंडवर थांबायची बंदी.

मुलींच्या पालकांनी अजून तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत. कपडे बदलायला जागा कुठे? बाहेरगावच्या स्पर्धेला महिला व्यवस्थापक सोबत असते का? सरांचे मेसेज पालक असलेल्या ग्रुपवर येतात की मुलीच्या फोनवर थेट? चांगल्या सरांना हे प्रश्न खटकत नाहीत. काही गैर वाटलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन मुलीलाही पाठ असू द्या.

४. वाढीचं वय समजून घ्या

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण निम्म्याहून जास्त शंका इथूनच उगवतात.

मुलींची उंची सर्वसाधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. पण हे सरासरीचं गणित. एकाच वर्गातल्या दोन मुलांमध्ये या बाबतीत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो. १४ वर्षांखालच्या गटात हीट (प्राथमिक शर्यत) जिंकणारा मुलगा बऱ्याचदा लवकर वाढलेला असतो. दोन वर्षांनी बाकीचे त्याच्या उंचीला येतात आणि मग लोक म्हणतात, ‘अरे, याचं काय झालं?’ त्याचं काहीच झालेलं नसतं.

जन्माच्या महिन्याचंही तसंच. वयोगटाची कट-ऑफ तारीख वर्षाच्या टोकाला असली तर जानेवारीत जन्मलेली मुलगी आणि डिसेंबरातली मुलगी एकाच गटात धावतात. तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे फार मोठा फरक. तुमची मुलगी डिसेंबरची असेल आणि पाचवी येत असेल, तर त्या पाचव्या नंबरकडे जरा आदराने बघा.

उंची भराभर वाढत असताना धावणं बिघडतं. पाय लांब झालेले असतात, स्नायूंची ताकद मागून येते. या काळात टायमिंग थांबतं, कधी मागेही जातं. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखायला लागतं. डॉक्टर त्याला ऑस्गूड-श्लॅटर म्हणतात. बहुतेकांचं वाढ थांबली की थांबतं, पण तोवर उड्या आणि चढ कमी करावे लागतात. ‘नाटकं करतेय’ म्हणून धावायला लावू नका. मुली याच काळात वयात येतात. पाळी सुरू होऊन मग महिनोन्महिने बंद पडली, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत आलीच नाही, तर ‘खेळाडूंचं असं होतंच’ हे उत्तर चालवून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की हे होतं आणि हाडं कमकुवत होतात. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. ‘हल्ली दमच टिकत नाही हिचा’ अशी तक्रार असलेल्या बऱ्याच मुलींचं लोह कमी निघतं. अळीव, खजूर, नाचणी, अंडी घरात असू द्यातच, पण कमतरता निघाली तर डॉक्टरांच्या गोळ्या लागतात, नुसत्या लाडवाने भागत नाही.

विश्रांतीचा ढोबळ नियम : आठवड्याला जितके तास सराव, ते मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. तेरा वर्षांच्या मुलीला तेरा तास पुष्कळ झाले.

ज्यांना वाटतं की चौदाव्या वर्षी नाही दिसलं म्हणजे संपलं, त्यांना बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची गोष्ट सांगा. सैन्यात भरती झाल्यावर, विशी ओलांडल्यावर तो स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावायची. २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. मध्य रेल्वेत पुण्याला नोकरी करत बालेवाडीत सराव करणारा नेमबाज स्वप्नील कुसळे २०१२ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळत होता. पहिलं ऑलिंपिक त्याला २०२४ ला मिळालं आणि तिथे त्याने कांस्य आणलं. मधल्या त्या बारा वर्षांत त्यालाही ‘अजून किती दिवस’ हे कोणी ना कोणी विचारलंच असणार.

५. दोन वेगळ्या रांगा आहेत, दोन्हींत उभं राहा

नव्या पालकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो.

पहिली रांग शालेय स्पर्धांची. राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय त्या घेतं. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी चढण. पुणे मनपा, पिंपरी-चिंचवड मनपा आणि पुणे ग्रामीण हे वेगवेगळे जिल्हे असल्यासारखे धरले जातात, म्हणून शाळेचा पत्ता कुठल्या हद्दीत येतो ते महत्त्वाचं; घराचा नाही. प्रवेशिका शाळेमार्फतच जाते. शाळेने मुदतीत ऑनलाइन एंट्री केली नाही तर मुलगी कितीही वेगात धावो, उपयोग नाही. जून-जुलैत शाळा सुरू झाली की पीटीच्या सरांना आठवण करून देणं हे तुमचं काम आहे. दर आठवड्याला. गोड बोलून.

दुसरी रांग संघटनेची. जिल्हा ॲथलेटिक्स संघटना, मग राज्य, मग ॲथलेटिक्स फेडरेशन ऑफ इंडिया. इथले वयोगट वेगळे : १४, १६, १८, २० वर्षांखालील. फेडरेशनकडे ऑनलाइन नोंदणी करून खेळाडूला एक कायमचा नंबर मिळतो, सगळे त्याला यूआयडी म्हणतात. हे काम बहुतेक सर किंवा क्लब करून देतात, पण लॉगिन आणि पासवर्ड तुमच्याकडे हवा. क्लब बदलायची वेळ आली की कळतं का ते.

दोन्हीकडे वय मोजायची तारीख वेगळी असू शकते. दर वर्षीचं परिपत्रक स्वतः वाचा. ‘मागच्या वर्षी असंच होतं’ यावर जाऊ नका.

६. फाइल करा, आजच

एक प्लास्टिकची फाइल, पावसात भिजणार नाही अशी. शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात सुरू होतात. त्यात :

– जन्मदाखला. जन्मानंतर वर्षभरात नोंद झालेला असेल तर उत्तम. बऱ्याच संघटना तसाच मागतात. उशिरा नोंदवलेल्या दाखल्यावर शंका घेतात आणि मग हाडांच्या एक्स-रेवरून वय तपासायला सांगतात.
– आधार कार्ड. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हींत नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते अक्षर न् अक्षर ताडून बघा. कुठे आईचं नाव मध्ये, कुठे वडिलांचं, असं असेल तर आठवीतच दुरुस्त करा.
– शाळेचं बोनाफाईड, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का असलेलं.
– जनरल रजिस्टरचा उतारा.
– पासपोर्ट फोटो, भरपूर.
– प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, आणि त्याच दिवशी काढलेला निकालपत्रकाचा फोटो. प्रमाणपत्रं कधीकधी महिन्यांनी येतात आणि नावात चूक असते. निकालपत्रकाचा फोटो असला तर दुरुस्तीला आधार राहतो.

दहावी-बारावीला राज्य मंडळाचे सवलतीचे क्रीडा गुण मिळतात, कामगिरीच्या पातळीप्रमाणे, जास्तीत जास्त २५. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो. त्याची मुदत चुकवलेली मुलं दर वर्षी असतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते. ‘धावून काय मिळणार?’ असं विचारणाऱ्या काकांना हे आकडे आवडतात, असा अनुभव आहे. मुलीसमोर मात्र हे कारण सारखं पुढे करू नका. पहाटे साडेपाचला उठायला ५ टक्के आरक्षण पुरत नाही.

७. ‘इंटरनॅशनल’च्या जाहिरातीपासून लांब

मेडल येत नाही, लोक बोलतायत, अशा वेळी फोनवर मेसेज येतो : ‘अमुक नॅशनल चॅम्पियनशिप, गोवा. निवड झालेल्यांना नेपाळमध्ये इंटरनॅशनल संधी.’ निवड चाचणी नसते, फी भरपूर असते. ट्रॅकसूटवर देशाचं नाव छापून मिळतं, स्टेशनवर हार घालून फोटो निघतो, गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागतो. नातेवाईक आठवडाभर गप्प बसतात, हे खरं. पण क्रीडा गुण आणि नोकरीच्या पडताळणीत त्या प्रमाणपत्राला किंमत नसते.

तपासायचं सोपं आहे. ती संघटना केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने मान्यता दिलेल्या राष्ट्रीय महासंघाशी जोडलेली आहे का? राज्याच्या संघात निवड होऊन जायचंय की पैसे भरून? उत्तर गुळमुळीत आलं तर विषय संपला. जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारलं तरी सांगतात.

त्याच जातीचा दुसरा सापळा पावडरींचा. जिममधला कोणीतरी डबा देतो. त्यात काय मिसळलंय हे डब्यावर खरं लिहिलेलं असेलच असं नाही आणि डोपिंगची चाचणी अठरा वर्षांखालच्यांचीही होऊ शकते. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मुलगी स्पर्धा खेळते’ हे आधी सांगा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या काळात त्यावर मर्यादा आहे. स्टेरॉइडच्या गोळ्यांना तर त्या काळात बंदीच आहे. ‘नाडा’चं, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचं, औषध तपासायचं ॲप आहे, ‘नो युअर मेडिसिन’ नावाचं.

८. वही ठेवा, तिच्याच हातची

नंबर हा शेजारच्या लेनमध्ये कोण उभं आहे यावर ठरतो. टायमिंग तिचं स्वतःचं असतं. समजा, १४ खालच्या गटात ती ६०० मीटरला तिसरी यायची आणि १७ खालच्या गटात जाऊन ८०० मीटरला नववी आली. लोक म्हणतील घसरली. तिच्यापेक्षा दोन-अडीच वर्षांनी मोठ्या मुलींबरोबर ती पळत होती आणि अंतरही वेगळं होतं, हे वहीतच दिसतं.

वहीत तारीख, अंतर, वेळ, मैदान (माती की सिंथेटिक, ओलं की कोरडं), आदल्या रात्रीची झोप आणि एक ओळ मनातलं. वेळ हातातल्या घड्याळाची की इलेक्ट्रॉनिक, तेही लिहा. शंभर-दोनशे मीटरला हातघड्याळाची वेळ साधारण ०.२४ सेकंदाने चांगली दिसते. ते लक्षात न घेता तुलना केली तर बालेवाडीतल्या पहिल्याच मोठ्या स्पर्धेत उगाच रडारड होते.

मध्येच वही उघडून तिला वर्षापूर्वीचं पान वाचायला द्या. तुम्ही काही बोलू नका. सरांशी, शिक्षकांशी बोलायला जाताना हीच वही न्या.

९. दहावीचं वर्ष

दहावीला पूर्ण बंद करणं हा सगळ्यात सोपा सल्ला आहे आणि तो सगळे देतात. कॅलेंडर काढून बघा : शालेय स्पर्धांचा मोठा भाग दिवाळीच्या आगेमागे संपतो, पूर्वपरीक्षा जानेवारीत, बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे टक्कर फार थोड्या आठवड्यांची आहे. जूनपासून आठवड्याला चार दिवस सराव, डिसेंबरपासून दोन दिवस हलकं धावणं, परीक्षेच्या काळात तासभर चालणं-फिरणं, एवढं ठेवलं तर एप्रिलमध्ये शून्यातून सुरू करावं लागत नाही. क्लासची वेळ ठरवतानाच संध्याकाळच्या ऐवजी दुसरी बॅच मागा. क्लासवाले देतात, फक्त फी भरायच्या आधी मागावी लागते.

गुण खरोखर घसरत असतील तर सराव कमी करा. वर्गशिक्षकांची शंका प्रत्येक वेळी चुकीचीच असते असं समजू नका.

१०. ती स्वतः म्हणाली, ‘नको आता’ तर

बाहेरच्यांचं बोलणं झेलता येतं. हे झेलायला अवघड. घरात दोन नियम आधीच ठरवून ठेवा, शांत दिवस असताना. एक : हरल्यावर पंधरा दिवस आणि दुखापतीत असताना सोडायचा निर्णय घ्यायचा नाही. दोन : सीझन संपला की दर वर्षी तिलाच विचारायचं, पुढच्या वर्षी आहेस का? ‘नाही’ हे उत्तर चालेल, हे तिला खरंच वाटलं पाहिजे. तसं वाटलं तरच ‘हो’ला अर्थ.

‘नको’चं कारण कधी भलतंच निघतं : मैत्रिणीने ग्रुप सोडला, शॉर्ट्सवर कोणी काही बोललं, पाळीच्या दिवसांत ग्राउंडवर स्वच्छतागृहाला कुलूप असतं. ही कारणं सुटणारी आहेत. कुलपाची चावी कोणाकडे असते ते शोधणं हेही पालकांच्या कामातच येतं. कधी इव्हेंट बदलून भागतं. ८०० ला कंटाळलेली मुलगी ३००० ला रमते किंवा उलटं.

आणि खरंच सोडायचं ठरलं तर गुपचूप ग्राउंड बंद करू नका. तिला सरांना स्वतः जाऊन सांगू द्या. यूआयडीचं लॉगिन तुमच्याकडे ठेवा. फाइल कपाटात ठेवा. अकरावीच्या प्रवेशात खेळाडूंसाठी जागा असतात आणि कॉलेजच्या संघाची चाचणी जुलैच्या आसपास लागते. तोवर स्पाइक्स (धावायचे खिळ्यांचे बूट) लहान झालेले असतील तर ग्राउंडवरच्या धाकट्या मुलीला देऊन टाका, तिथे कोणाला तरी तो नंबर बसतोच.